परभूमीतील सण आणि स्मरणाची नैतिकता

१

परभूमीत राहणारे एखादे कुटुंब आपला परंपरागत सण साजरा करते, ही घटना इतकी परिचित आणि निरुपद्रवी वाटते की तिच्या ठिकाणी एखादा नैतिक प्रश्न असेल अशी शंकाही सहसा येत नाही. घरातील वडीलधारी माणसे आठवतील तसे पदार्थ करतात, मिळतील त्या वस्तू गोळा करतात, आणि मुलांना जवळ बसवून ‘आमच्याकडे’ हा सण कसा असे ते सांगतात. या घटनेकडे सामान्यतः दोन अंगांनी पाहिले जाते. एका दृष्टीने तो निष्ठेचा आविष्कार ठरतो : भूमी सुटली तरी परंपरा सुटली नाही, याचे समाधान त्यातून व्यक्त होते. दुसऱ्या दृष्टीने तीच गोष्ट गतकालाचे संग्रहालय ठरते : जीवनाचा संदर्भ नाहीसा झाल्यावरही केवळ रूप जपत राहण्याचा तो खटाटोप असतो. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांच्या तळाशी एक समान गृहीत आहे. सणाचे मूळ मायदेशी आहे आणि परभूमीतील सण ही त्या मुळाची कमीअधिक उतरलेली प्रत होय, असे दोन्ही भूमिका मानून चालतात. मग प्रत कितपत बरहुकूम उतरली आणि ती काढावी की काढू नये, एवढाच वाद शिल्लक राहतो.

वास्तविक प्रश्न याहून निराळा आहे. ‘आमच्याकडे’ हा शब्द ज्या मुलाला उद्देशून उच्चारला जातो, त्याने ते ‘आमच्याकडे’ कधीच पाहिलेले नसते. सांगणाऱ्याजवळ स्मरण असते. ऐकणाऱ्याजवळ ते नसते. अशा मुलाच्या हाती सण देताना नेमके काय दिले जाते : श्रद्धा, स्मृती की दुःख? आणि जे त्याचे नाही ते त्याच्या पदरात टाकण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना कोठून प्राप्त होतो? ख्रिस्ती कुटुंबाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण आपण कोणत्याही एका भूमीशी बांधलेलो नाही असे ख्रिस्ती धर्माचे स्वतःविषयीचेच प्रतिपादन आहे. ज्याचा देव सर्वत्र सारखाच उपस्थित आहे, त्याला नाताळ साजरा करताना विशिष्ट गावाच्या बर्फाची उणीव का भासावी?

या प्रश्नाची उकल करण्यास इव्हान श्मेल्योव (१८७३–१९५०) या रशियन लेखकाची एक कृती विशेष उपयुक्त आहे. तिच्या नावाचा आशय ‘प्रभूचे संवत्सर’ असा सांगता येईल. मॉस्कोतील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वर्षभरातील सणांचे हे कथन पॅरिसमधील वास्तव्यात सिद्ध झाले, आणि त्यातील नाताळाचे प्रकरण एका लहान मुलाला उद्देशून सांगितलेले आहे. सांगणारा, ऐकणारा आणि सण ही तिन्ही अंगे येथे एकाच संहितेत उपस्थित असल्यामुळे प्रश्न अमूर्त राहत नाही.

२

श्मेल्योव यांचा जन्म मॉस्को नदीपलीकडच्या, व्यापारी आणि कारागिरांच्या जुन्या वस्तीत झाला. वडील बांधकामाचे ठेकेदार होते. घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीमुळे १८८० साली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. पुढे लेखक म्हणून नाव मिळवलेल्या श्मेल्योव यांना क्रांतीनंतरच्या यादवी युद्धाचा काळ क्रिमियात काढावा लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा श्वेत सैन्यात अधिकारी होता. १९२१ च्या आरंभी त्याला बोल्शेविकांनी गोळी घालून ठार केले. १९२२ साली पतिपत्नींनी रशिया सोडला आणि बर्लिनमार्गे १९२३ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. क्रिमियातील उपासमारीवर आणि संहारावर लिहिलेली ‘मृतांचा सूर्य’ ही त्यांची कृती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ‘प्रभूचे संवत्सर’चे लेखन विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन १९४४ पर्यंत चालले. ‘सण’ हा पहिला भाग १९३३ साली बेलग्रेडमध्ये निघाला. ‘सण’, ‘आनंद’ आणि ‘शोक’ या तिन्ही भागांसह संपूर्ण ग्रंथ पॅरिसमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झाला.

या चरित्रक्रमातील एक तपशील संहितेच्या अन्वयार्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रशियन नामपद्धतीत व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव लावले जाते. श्मेल्योव यांच्या वडिलांचे नाव सेर्गेय इव्हानोविच होते, आणि आजोबांचे नाव दिलेल्या पुत्राचेही नाव सेर्गेय इव्हानोविच असेच झाले. ग्रंथात जो पिता सणांच्या केंद्रस्थानी आहे आणि ग्रंथाच्या शेवटी ज्याचा मृत्यू होतो, त्याचे हेच नाव आहे. म्हणजे हरपलेला पिता आणि हरपलेला पुत्र या एकाच नावाच्या दोन व्यक्तींच्या मध्ये लेखक उभा आहे. पित्याकडून पुत्राकडे, आणि त्याच्याकडून त्याच्या पुत्राकडे जाणारी वारशाची सरळ रेघ येथे दोन्ही बाजूंनी तुटलेली आहे. नाताळाचे प्रकरण ज्याला उद्देशून आहे तो मुलगा लेखकाचा पुत्र नाही, नातूही नाही. तो पत्नीच्या भाचीचा मुलगा आहे. परंपरा रक्ताच्या हक्काने उतरते ही सर्वसाधारण समजूत या कथनाच्या पहिल्याच वाक्यापासून निराधार झालेली असते.

३

प्रतीची कल्पना या कृतीला का लागू पडत नाही, हे प्रथम पाहावयास हवे.

फेब्रुवारी १९१८ मध्ये सोव्हिएत शासनाने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी म्हणून मोजला गेला. रशियन चर्चने मात्र उपासनेसाठी जुनी ज्युलियन गणनाच ठेवली, आणि विसाव्या शतकात या दोन गणनांत तेरा दिवसांचे अंतर असल्यामुळे जुना २५ डिसेंबर नव्या ७ जानेवारीला येऊ लागला. तिथी आणि तारीख यांतील फरक रोजच्या व्यवहारात वागवणाऱ्या मराठी वाचकाला या दुहेरी कालगणनेचे मर्म सहज उमगेल. पॅरिसमधील रशियन कुटुंबांच्या दृष्टीने तिचा परिणाम असा झाला की, शहराचा नाताळ उरकून, नवे वर्ष लागून, लोक आपापल्या कामाला लागल्यावर यांचा नाताळ येई. मोटारीच्या कारखान्यात वा टॅक्सीवर राबणाऱ्या निर्वासितांच्या भोवतीचा तो दिवस एक साधा कामाचा दिवस होता. दारू रस्त्यावरील १८६१ साली अभिषिक्त झालेल्या रशियन कथीड्रलमध्ये घंटा वाजत असताना बाहेरच्या शहराला त्याचे कारणही उमगण्याचे प्रयोजन नव्हते.

सण आणि परिसर यांच्यात पडलेली ही फट उघड दिसते. परंतु मायदेशी तरी काय घडत होते? विसाच्या दशकाच्या अखेरीस तेथे नाताळाच्या झाडाविरुद्ध प्रचारमोहीम चालली. १९३५ च्या डिसेंबरात ते झाड पुन्हा मान्य झाले ते नववर्षाचे झाड म्हणून; ख्रिस्तजन्माचा उल्लेख त्यातून गळला होता. डिसेंबर १९३१ मध्ये मॉस्कोतील ‘तारणहार ख्रिस्त’ कथीड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. ७ जानेवारीचा नाताळ रशियात सार्वजनिक सुटीचा दिवस पुन्हा झाला तो १९९१ साली. घरांच्या बंद दारांआड सण पाळणारी माणसे तेथे होतीच. पण ज्या सार्वजनिक नाताळाचे वर्णन श्मेल्योव करतात, तो १९३३ साली मॉस्कोत शोधूनही सापडला नसता. मूळच जेथे उरलेले नाही, तेथे प्रत कशाची काढावयाची?

हान्स-गेओर्ग गाडामर यांनी ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथात सणाच्या काळस्वरूपाची जी मीमांसा केली आहे, ती येथे साहाय्यक ठरते. त्यांच्या मते सण दर वर्षी बदलतो आणि तरीही तो तोच सण असतो. पूर्वी एकदा घडलेल्या सोहळ्याची ती नक्कल नसते, कारण साजरे होणे हेच त्याचे अस्तित्व असते. या दृष्टीने पॅरिसमधील नाताळ मॉस्कोतील नाताळाहून अस्तित्वाने उणा नाही. तथापि ही मीमांसा सणाच्या सत्तेविषयी बोलते. सण कोणाला आणि कोणत्या अधिकाराने दिला जातो, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळत नाही. त्यासाठी संहितेकडेच वळणे आवश्यक आहे.

४

नाताळाचे प्रकरण संबोधनाने उघडते. मुलाला ‘आमचा’ नाताळ ऐकावयाचा आहे, आणि जे कळणार नाही ते तुझे हृदय तुला सुचवील, असे आश्वासन देऊन निवेदक बोलू लागतो. लगेच बर्फाचा विषय निघतो. पॅरिसमध्ये बर्फ क्वचित पडते आणि पडताच वितळते. तिकडे ते तीन तीन दिवस उजेड दिसू नये असे कोसळे. पुढे नाताळाआधीच्या बाजारांचे वर्णन येते : उपवासाचा काळ संपत आला असता शहरात येणारे गोठलेल्या मांसाचे तांडे, चौकांतून उभी राहिलेली देवदार जातीच्या झाडांची रानेच्या राने, मध आणि मसाल्यांचे ऊन ऊन पेय विकणारे फेरीवाले. मग नाताळाची पूर्वसंध्या. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कोणी अन्न घ्यावयाचे नाही. मूल खिडकीच्या काचेवरील हिमाचा थर पुसून ताऱ्याची वाट पाहते. मध घालून शिजवलेला गहू आणि सुक्या फळांचे पेय या दोन गोष्टी घरातील पवित्र प्रतिमांखाली, गवतावर ठेवल्या जातात. असे का, याचा खुलासा निवेदक मुलासाठी करतो : जणू ती ख्रिस्ताला भेट, जणू तो तेथेच, गव्हाणीतल्या गवतावर निजला आहे.

वर्णनाच्या समृद्धीमुळे या ‘जणू’कडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. परंतु संपूर्ण प्रकरणाचा अर्थ या लहानशा शब्दावर तोललेला आहे. मॉस्कोतील ते घर बेथलेहेम नव्हे, हे त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. यहूदियातील गोठा आणि मॉस्कोचा हिवाळा यांच्यात भूगोलाचे वा हवामानाचे कोणतेच साम्य नाही. तरीही मूठभर गवताने त्या घरात गोठा अवतरत असे. म्हणजे पॅरिसमध्ये बसून जिची आठवण काढली जात आहे ती ‘मूळ’ मॉस्कोसुद्धा नाताळाच्या दृष्टीने परभूमीच होती. तेथील सणही दूरच्या एका रात्रीचे, अपरिचित साधनांनी केलेले आवाहन होते. मग पॅरिसने मॉस्कोपुढे न्यूनगंड बाळगण्याचे कारण उरत नाही. दोन्ही शहरे बेथलेहेमपासून सारखीच दूर आणि सारखीच जवळ आहेत.

ख्रिस्तजन्माची कथा स्वतःही हेच सुचवते. शुभवर्तमानांनुसार हा जन्म घरी झालेला नाही. नावनोंदणीसाठी गाव सोडावे लागलेल्या, उतरण्यास जागा न मिळालेल्या जोडप्याच्या पोटी तो झाला. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्यानंतर या कुटुंबाला हेरोदाच्या भयाने इजिप्तमध्ये आश्रय घ्यावा लागला. परभूमीत राहणारे ख्रिस्ती कुटुंब नाताळ साजरा करते तेव्हा परभूमीत असलेल्या एका कुटुंबाचाच उत्सव ते करीत असते. ‘डायोग्नेटस यास पत्र’ या प्राचीन ख्रिस्ती लेखात हा विचार सिद्धांताच्या पातळीवर नेलेला आहे : ख्रिस्ती माणसाला प्रत्येक परदेश स्वदेशासारखा आणि प्रत्येक स्वदेश परदेशासारखा असतो, असा त्याचा आशय आहे. या भूमिकेतून पाहता मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ झालेला नाताळ हा सणाच्या अर्थालाच विसंगत ठरावा.

येथे मात्र घाईने निर्णय देणे योग्य होणार नाही. माणूस सिद्धांत साजरा करीत नाही. तो गहू, मध, गवत आणि थंडी यांच्याद्वारा साजरा करतो. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नाताळवाचक रशियन शब्द उच्चारताच निवेदकाला त्या शब्दातूनच बोचरी थंड हवा आणि हिमाची निर्मळता जाणवते. देहधारणेवर ज्या धर्माची उभारणी आहे, त्याने हवेला, चवीला आणि शब्दाच्या नादाला क्षुल्लक म्हणता येत नाही. देव विशिष्ट स्थळी आणि विशिष्ट काळी माणूस झाला ही श्रद्धा विशिष्टाला प्रतिष्ठा देते. तो सर्वांसाठी झाला ही श्रद्धा त्याच विशिष्टाला सोडून देण्याची मागणी करते. परभूमीतील ख्रिस्ती सणातील खरा ताण या दोन मागण्यांमधील आहे. मायदेश आणि परदेश यांतील ताण हे त्याचे केवळ बाह्य रूप होय.

५

हा ताण न पेलल्यास काय होते, याचे उत्तर श्मेल्योव यांच्याच चरित्रात आहे, आणि त्यांच्या गद्याच्या सौंदर्यामुळे ते नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मॉस्कोच्या नाताळात एक राष्ट्रीय धागा पूर्वीपासूनच गुंफलेला होता. जुन्या गणनेप्रमाणे २५ डिसेंबर १८१२ रोजी, नेपोलियनचे सैन्य रशियाबाहेर गेल्यावर, पहिल्या अलेक्झांडरने कृतज्ञतेप्रीत्यर्थ ‘तारणहार ख्रिस्त’ कथीड्रल उभारण्याचा जाहीरनामा काढला, आणि नाताळाच्या दिवशी या सुटकेबद्दल आभाराची उपासना करण्याचा प्रघात पडला. गोठ्यात जन्मलेल्या बालकाच्या सणात फ्रेंच सैन्यावरील विजयाचा आनंद अशा रीतीने मिसळला. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच फ्रान्सच्या राजधानीत निर्वासित रशियन कुटुंबे नाताळ साजरा करीत होती. आक्रमकाच्या पराभवाची स्मृती बाळगणाऱ्या सणाला आक्रमकाच्याच भूमीने आसरा दिला होता. या उपरोधात एक शिकवण दडलेली होती. पण ती घेतली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मन अमलाखाली असताना, जर्मनधार्जिण्या रशियन वृत्तपत्रात श्मेल्योव यांचे लेखन प्रसिद्ध झाले, आणि रशियावरील जर्मन आक्रमणाकडे त्यांनी बोल्शेविक सत्तेपासूनच्या मुक्तीची आशा म्हणून पाहिले. ‘प्रभूचे संवत्सर’चा अखेरचा भाग याच वर्षांत लिहून होत होता.

पुत्राच्या हत्येने या भूमिकेचे कारण समजते. तिचे समर्थन होत नाही. स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. रशियन चर्चमध्ये महाउपवासापूर्वीच्या तीन रविवारांच्या प्रातःकालीन उपासनेत ते गाइले जाते. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान परक्या भूमीत आपल्या प्रभूचे गीत कसे गावे, असा प्रश्न त्यात करतात. निर्वासितांच्या सर्व साहित्याचा तो मूळ प्रश्न म्हणता येईल. परंतु ज्या स्तोत्राचा आरंभ इतका करुण आहे, त्याचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या संहाराला धन्य म्हणण्यात होतो. मधुर आठवण आणि सूडाची इच्छा एकाच स्तोत्राच्या दोन टोकांना असू शकतात. स्मरण केवळ हळुवार असल्यामुळे ते निष्पाप ठरत नाही, ही कठोर जाणीव हे स्तोत्र देते.

स्वेतलाना बोइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार मानले आहेत : हरपलेले घर पुन्हा उभारू पाहणारी आणि हरपलेपणाचाच विचार करणारी. श्मेल्योव यांच्या बाबतीत हा भेद लेखक आणि लेखक यांच्यात पडत नाही. एकाच लेखकाच्या लेखणीत दोन्ही प्रवृत्ती नांदतात. नागरिक म्हणून ते घर परत मिळवू पाहत होते आणि त्यासाठी कोणाच्याही सैन्याची किंमत द्यावयास तयार झाले होते. निवेदक म्हणून त्यांनी जे केले ते निराळे आहे, आणि त्या निराळेपणाचे गमक ग्रंथाच्या रचनेत सापडते.

६

‘प्रभूचे संवत्सर’ या ग्रंथावर सुखस्वप्नाचा आरोप सहज करता येतो. आर्थिक शोषण, दारिद्र्य, पुढील क्रांतीची बीजे यांतील फारच थोडे बालकाच्या नजरेच्या टप्प्यात येते. पण तिसऱ्या भागाचे नाव ‘शोक’ आहे, आणि त्यात पित्याचा अपघात, दीर्घ आजार आणि मृत्यू यांचे वर्णन आहे. ग्रंथ सणावर संपत नाही. तो अंत्ययात्रेवर संपतो. घर उद्ध्वस्त करण्यास क्रांती यावी लागली नाही; ते १८८० सालीच, सर्व सण यथासांग पार पडत असताना, मुळापासून हादरले होते. स्थलांतराच्या आधीच हरपणे घडलेले होते. ही रचना राजकीय गतकातरतेचा पायाच काढून घेते, कारण कोणतेही सैन्य, कोणतेही पुनरागमन त्या सात वर्षांच्या मुलाला त्याचे वडील परत देऊ शकत नाही. युद्धकाळात वृत्तपत्रात लिहिणाऱ्या श्मेल्योव यांना जे उमगले नाही, ते ग्रंथ लिहिणाऱ्या श्मेल्योव यांना ठाऊक होते.

या प्रकाशात नाताळानंतरच्या दिवसांतील एका प्रसंगाला वेगळे महत्त्व येते. घरात ‘निरनिराळ्या’ लोकांसाठी जेवण असते. पंगतीला येणारे नातलग नसतात, तोलामोलाचे व्यापारी नसतात; एकाकी, दरिद्री, विक्षिप्त, कधीकाळी बरे दिवस पाहिलेले असे ते लोक असतात. त्यांना एका नावाखाली आणता येत नाही, म्हणूनच ते ‘निरनिराळे’. त्यांचा त्या घरावर कोणताही हक्क नाही, आणि तरीही त्यांच्यावाचून त्या घराचा सण पुरा होत नाही. म्हणजे परंपरेच्या गाभ्यातच असंबंधितांसाठी राखलेली एक जागा होती. पॅरिसमधील मुलगा वारस म्हणून त्या सणात शिरू शकत नाही, कारण वारशाची रेघ तुटलेली आहे. या पंगतीतील पाहुणा म्हणून मात्र तो शिरू शकतो. प्रारंभी उपस्थित केलेल्या अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर या दिशेने शोधावे लागते. वडीलधारी माणसे मुलाला सण देतात ती त्याचे पूर्वसंचित म्हणून दिली, तर त्याच्यावर एक कर्ज लादले जाते; पाहुण्यापुढे वाढलेले पान म्हणून दिली, तर घेण्याचे, न घेण्याचे आणि निराळ्या रीतीने घेण्याचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ राहते.

यावर एक आक्षेप संभवतो. मारियान हर्श यांनी नव्वदच्या दशकात ‘उत्तरस्मृती’ची जी संकल्पना मांडली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की मागील पिढीच्या तीव्र आठवणी पुढील पिढीच्या मनावर अशा काही उमटतात की तिला स्वतःचे आयुष्य दुय्यम वाटू लागते. न पाहिलेल्या गावाची ओढ लहान मुलाच्या मनात रुजवणे, ही प्रेमाच्या नावाने केलेली सक्तीच नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे, आणि श्मेल्योव यांची संहिता त्यातून संपूर्णपणे सुटत नाही. हृदय सुचवील हे आश्वासन म्हणजे मुलाच्या हृदयात आपलेच हृदय आहे असे गृहीत धरणे होय. पण त्याच प्रकरणात बर्फ तुला ठाऊक आहे का, असा प्रश्नही आहे. ठाऊक आहे असे धरून चालणे वेगळे आणि विचारणे वेगळे. प्रश्न विचारणारा निवेदक मुलाचे वेगळेपण मान्य करतो. त्याच्या बालपणाला पॅरिसचे, लगेच वितळणारे बर्फ लाभले आहे हे तो स्वीकारतो. न सांगण्याचा पर्यायही निर्दोष नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्या घरात मोठी माणसे वर्षातून एका दिवशी अकारण गप्प होतात, त्या घरातील मुलावर मौनाचे ओझे कथनाहून हलके असते असे मानण्यास आधार नाही.

स्मरण स्वीकारून त्याच्या मालकीला नकार देण्याचा मार्ग पुढील पिढीत कसा घडला, याचे उदाहरण अलेक्झांडर श्मेमान यांच्या रूपाने दाखवता येते. १९२१ साली टाल्लिन येथे रशियन निर्वासित कुटुंबात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये वाढलेले श्मेमान १९५१ साली अमेरिकेस गेले आणि तेथील प्रमुख ऑर्थडॉक्स धर्मविद्यापीठाचे दीर्घकाळ प्रमुख राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत, श्रद्धेची जागा रशियनपणाने घ्यावी याविषयीची अस्वस्थता वारंवार व्यक्त झालेली आहे. अमेरिकेतील उपासना तेथील भाषेत व्हावी आणि तेथील चर्च स्वायत्त व्हावे यासाठी त्यांनी परिश्रम केले. वरवर पाहता हा श्मेल्योव यांच्या जगाचा नकार वाटतो. परंतु सणांच्या ज्या लयीवर श्मेमान यांनी आपली उपासनामीमांसा उभारली, ती लय त्यांना पॅरिसमधील रशियन प्रार्थनाघरांतूनच मिळाली होती. त्यांनी गवत ठेवले आणि बर्फ सोडून दिले, असे म्हणता येईल. दिलेल्या गोष्टीतील कोणता भाग जिवंत आहे याची निवड देणारा करू शकत नाही. ती घेणाऱ्याच्या पिढीलाच करावी लागते, आणि ती करू देणे ही देणाऱ्याची अखेरची नैतिक कसोटी असते.

७

१९५० साली श्मेल्योव यांचा फ्रान्समध्ये मृत्यू झाला. २००० साली त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे अवशेष मॉस्कोला नेऊन दोन्स्कोय मठात, जेथे त्यांचे वडील पुरलेले होते, तेथे पुन्हा दफन करण्यात आले. उद्ध्वस्त केलेले कथीड्रलही तोवर नव्याने उभे राहिले होते. पुनःस्थापनेची सर्व बाह्य चिन्हे अशा रीतीने पूर्ण झाली. तरीही त्यामुळे ग्रंथातील नाताळ परत आला असे कोणी म्हणू शकणार नाही. देह परत गेला. ज्याला उद्देशून कथन झाले तो श्रोता मात्र फ्रान्समध्येच वाढला. सणाच्या भवितव्याचा प्रश्न कबरीच्या स्थानाशी बांधलेला नसून त्या श्रोत्याशी बांधलेला होता.

परभूमीतील सण खरा की कृत्रिम, हा प्रश्न यास्तव अपुरा आहे. पहिला तारा मॉस्कोच्या खिडकीतून दिसला की पॅरिसच्या, याला गौण महत्त्व आहे. काच पुसून वाट पाहण्याची रीत एका मुलाला कळली की नाही, आणि काचेपलीकडे त्याला जे दिसेल ते त्याचेच असू दिले की नाही, हे महत्त्वाचे आहे. स्मरण करणाऱ्याला आपले गमावलेले घर विसरता येत नाही, आणि त्याने ते विसरावे अशी मागणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सणाच्या पानावर ते घर त्याने अशा रीतीने वाढावे की खाणाऱ्याला त्याचे ऋण वाटू नये. हे जेथे साधते तेथे परभूमी सणाला बाधा आणत नाही. जेथे ते साधत नाही, तेथे मायदेशी साजरा झालेला सणही परकाच राहतो.